साडेतीन तासांचा कौल

"पडली का?" मागच्या खांबाकडून कुणीतरी ओरडलं.

"नाय!" पुढच्यांनी कळवलं.

"एकसुद्धा?"

"एकसुद्धा नाय!"

"अरे, मग ढोल तरी वाजवा! नुसते काय बसलात?"

सोमजाईच्या देवळात सगळं गाव दोन तास गाभाऱ्याकडे डोळे लावून बसलं होतं. देवीच्या दोन्ही खांद्यांवर तगरीची एकेक पाकळी पाण्यानं चिकटवलेली. उजवी आधी पडली तर गाव उचलून वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, न्यायचं. डावी आधी पडली तर इथंच, खाडीच्या काठी, कोसळलेल्या भिंती पुन्हा उभ्या करायच्या. ह्याला आमच्याकडे कौल लावणं म्हणतात. ओली पाकळी सुकली की आपोआप सुटते. पाव तास, फार तर अर्धा. लग्न ठरवायचं असो, विहीर खणायची असो, म्हैस हरवलेली असो, आमची सोमजाई अर्ध्या तासात निकाल लावते. त्या दिवशी मात्र तिनं हूं की चूं केलं नाही.

पाकळ्या लावणारे गुरव म्हणजे आमचे हे. मी त्यांची बायको, प्रभावती. तेव्हा चाळिशी नुकतीच ओलांडलेली. आणि खरं सांगते, डावी पाकळी का पडत नाही हे त्या देवळात मला एकटीला ठाऊक होतं, कारण तिच्याखाली फणसाचा चीक मीच लावला होता. पण उजवी का पडत नाही ते मला कळेना.

आता आधीचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई भलतीच चालू आहे. चालू नव्हते हो. वैतागले होते.

आमचं खाजणवाडी म्हणजे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मधे आम्ही ऐंशी-एक घरं. दर चार-पाच वर्षांनी खाडी घरात यायची, चूल विझवून जायची. त्याची सवय होती. पाहुणी आल्यासारखी यायची आणि दुसऱ्या दिवशी निघायची. पण त्या जूनमध्ये चक्रीवादळ आलं ते ऐन भरतीला. सकाळी आठला कौलं उडाली, नऊला पाणी उंबऱ्याला लागलं, दहाला मी माळ्यावर. सोबत सात कोंबड्या आणि शेजारच्यांचा बोकड. तो कसा वर चढला देव जाणे. शिडी तर मी चढताना मोडली होती.

हे देवळात होते. पूजेला गेलेले. मी माळ्याच्या खिडकीतून हाका मारत होते, "अहो! अहो!" नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नाही, मग दुसरं काय ओरडणार? गावात ऐंशी अहो. पहिल्या तासात पलीकडचे शिगवण झाडावरून म्हणाले, "मी नाही, मी सरपंच!" बरोबरच होतं, तेच सरपंच होते, पण झाडावर बसून माणसानं हुद्दा सांगायचा? शेवटी संध्याकाळी मारुतीनाना तांडेल होडी घेऊन आले. खिडकीशी होडी लावून म्हणाले, "पोरी, मला बोलावलंस का?" म्हटलं, "नाही हो नाना, पण आता तुम्हीच चालाल." त्यांनी मला उतरवलं, कोंबड्या उतरवल्या, बोकडसुद्धा. मी देवळात गेले तर हे सोमजाईला मिठी मारून उभे. गुडघाभर पाण्यात. म्हणे, "आई वाहून गेली असती."

चार माणसांनी जोर लावला तरी हलत नाही ती शिळा! ती कुठं वाहून जाते?

त्या दिवसापासून मी ह्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. "मीठ घ्या." "ताडपत्री गळतेय." इतकंच. घर तर उरलंच नव्हतं, देवळाच्या पडवीत चूल मांडली होती. आणि माझ्या मनानं एकच धरलं होतं, ह्या खाडीकाठी मी पुन्हा भिंत बांधणार नाही. पाण्याचा आवाज आला की माझे हातपाय गार पडायचे. न्हाणीत कुणी तांब्या ओतला तरी मी दचकायची. हे मी कुणाला सांगितलं नाही, ह्यांना तर नाहीच.

सरकारनं कळवलं, सड्यावर जागा देतो, घरं बांधून देतो. पण गेलं तर सगळं गाव जायला हवं, आणि तसा गावाचा ठराव हवा. झालं! गावात दोन तट पडले. सरपंच शिगवण वर जाऊ म्हणणाऱ्यांचे पुढारी, मारुतीनाना खालीच राहू म्हणणाऱ्यांचे. तीन ग्रामसभा झाल्या. पहिल्या सभेत नाना म्हणाले, "सड्यावर पाण्याचा टिपूस नाय, तहानेनं मरू." सरपंच म्हणाले, "आणि खाली पाण्यातच मरू." नाना म्हणाले, "पाण्यात मेलो तर निदान अंघोळ तरी होते!" तिथून पुढं सभा कसली, नुसता शिमगा. तिसऱ्या सभेत लोकांनी एकमेकांना फणसाच्या आठळ्या फेकून मारल्या. वादळानं गावातले सगळे फणस आडवे केले होते, म्हणून वीस दिवस आम्ही सकाळी गरे, दुपारी फणसाची भाजी, रात्री उकडलेल्या आठळ्या असं जगत होतो. दारूगोळ्याला तोटा नव्हता.

मतं मोजली तर चाळीस घरं वर, चाळीस घरं खाली. एक्याऐंशीवं घर आमचं. आणि गुरवानं बाजू घ्यायची नाही ही पिढीजात रीत. हे उठून हात जोडून म्हणाले, "मी आईचा माणूस. माझा हात दोन्हीकडं नाही." घराला एकच हात, त्यामुळे माझाही नाही. मी मागं बायकांत बसून दात-ओठ खात होते. रात्री पडवीत मात्र हे स्वतःशीच पुटपुटले, "सहा पिढ्या आईच्या पायाशी राहिलो. आता वर जाऊन काय करायचं, कातळाची पूजा?" मी कूस बदलली.

मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, आईलाच विचारू. ती सांगेल ते दोन्ही तटांनी मान्य करायचं. सर्कलसाहेब, म्हणजे तहसीलचे अधिकारी, त्या दिवशी ठरावाचा कागद न्यायला येणार होते.

मला एक मत नाकारलं होतं ना? मग मी माझं मत द्यायचं ठरवलं. सकाळी हे विहिरीवर अंघोळीला गेले तेव्हा गाभारा झाडायच्या निमित्तानं आत गेले, हात जोडून म्हटलं, "आई, तुला ठाऊक आहे," आणि देवीच्या डाव्या खांद्यावर फणसाच्या चिकाचं बोट टेकवलं. वाटाण्याएवढं. डावी पडणार नाही, उजवी पडेल, गाव वर जाईल. इतकं साधं होतं.

आणि आता दोन तास झाले तरी उजवी ढिम्म!

दुपारी पावणेदोनला कौल लावला होता. हे गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. गाऱ्हाणं म्हणजे देवीपुढं सगळ्यांच्या वतीनं मागणं, आणि प्रत्येक वाक्याला गावानं "होय महाराजा" म्हणायचं.

"आई सोमजाई, तुझी लेकरं तुझ्या दारात बसलीत!"

"होय महाराजा!"

"वर जावं का खाली राहावं, त्यांना उमगत नाही!"

"होय महाराजा!"

"उजवी दे, नाहीतर डावी दे, पण गाव एक ठेव!"

"होय महाराजा!" देऊळ दणाणलं. सगळे पाकळ्यांकडे बघू लागले. पाकळ्या आमच्याकडे बघत होत्या.

तासाभरानं भांडण सुरू झालं ते दारावरून. सरपंच म्हणाले, "खाडीकडचं दार लावा, वारा एका बाजूनं येतोय." नाना म्हणाले, "मग डोंगराकडचं पण लावा!" दोन्ही दारं लावली. आत दोनशे माणसं, जून महिना, आणि वीस दिवस फणस खाल्लेली पोटं. दहा मिनिटांत दोन्ही तटांच्या एकमतानं दोन्ही दारं उघडली. त्या दिवशी गावानं एकमतानं केलेली ती पहिली गोष्ट.

मग सरपंचांना शिंक आली. शिंक कसली, तोफच ती. नानांची माणसं उठून उभी राहिली. "मुद्दाम शिंकले! उजवीवर नेम धरून शिंकले!"

"अरे, शिंक नेम धरून येते का?"

"तुमची येते! मागच्या सभेत पण ऐन मोजणीच्या वेळी शिंकलात!"

शेवटी असं ठरलं की ज्याला शिंक येईल त्यानं बाहेर जाऊन वडाच्या झाडाकडे तोंड करून शिंकावं. लोक खरोखर जाऊ लागले. काही जण न शिंकताच गेले आणि विडी ओढून आले.

सर्कलसाहेब बिचारे सतरंजीवर मांडी बदलत होते. सरपंचांनी त्यांना दुपारी पोटभर गरे खिलवले होते. ते हळूच मला म्हणाले, "बाई, बरोबरीत सुटलं असं लिहिलं तर चालेल का?"

"साहेब, बरोबरीत सुटलं तर गाव कुठं बांधायचं? अर्ध्या डोंगरात?"

"तसं नाही, पण माझी शेवटची एस.टी. साडेपाचला आहे."

ते ह्यांच्या कानावर गेलं असावं. चौथ्यांदा गाऱ्हाणं घालताना ह्यांनी आवाज चढवला, "आई, सर्कलसाहेबांची एस.टी. साडेपाचला आहे!"

"होय महाराजा!" आणि त्यात साहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

इकडे माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मला वाटू लागलं, हा सोमजाईचा कोप आहे. मी तिच्या अंगाला चीक फासला, म्हणून तिनं उजवीही धरून ठेवली. मनात म्हटलं, आई, मला हवी ती शिक्षा कर, पण मला पुन्हा त्या पाण्यात ठेवू नकोस. माझे डोळे भरून आले. शेजारची बाई म्हणाली, "किती गं तुझी भक्ती!"

साडेपाचला तास राहिला तेव्हा एक माशी आली. फणसावरची, लठ्ठ. ती देवीच्या डोक्याभोवती फिरली आणि डाव्या खांद्यावर, पाकळीच्या कडेला बसली. नानांच्या लोकांनी श्वास धरला. "हलव गं बाय, हलव!" माशीनं पाय हलवले, पंख फडफडवले. पण उडेना. दोनशे माणसं त्या माशीकडे बघत होती. ती बिचारी जिवाच्या आकांतानं भुणभुणत होती, पण जागची हलेना.

मारुतीनाना सावकाश उठले. सारा जन्म जाळ्यात अडकलेली मासळी बघण्यात गेलेला माणूस तो. पुढं झाले, डोळे बारीक केले, आणि म्हणाले, "ही माशी अडकलीय. चीक आहे हा. फणसाचा चीक!"

त्यानंतर जे झालं त्याला गोंधळ म्हणणं म्हणजे गोंधळाचा अपमान. "डावीला चीक? म्हणजे वरच्यांनी लावला! फसवणूक!" नानांचे लोक सरपंचांच्या अंगावर धावले. सरपंच ओरडले, "माझ्या गळ्याची शपथ, मी नाही लावला! आणि मग उजवी का नाही पडली? ती बघा की!"

नानांनी उजवीला वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मागं वळले आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, "हिलापण आहे."

म्हणजे माझ्यासारखा चालू अजून एक जण गावात होता! खरं सांगते, त्या क्षणी मला भीतीपेक्षा रागच आला. मी एवढी जोखीम घेतली, आणि कुणी मेल्यानं येऊन ती पाण्यात घातली!

"हात दाखवा सगळ्यांनी!" सरपंच गरजले. "ज्याच्या हाताला चीक, तो चोर!"

सगळ्यांनी हात पुढं केले. दोनशे माणसांचे चारशे हात, आणि एक हात स्वच्छ म्हणून नाही. बोटाबोटांत चीक, नखांत चीक. सरपंचांच्या मनगटाला तर चिकावर चिकटलेलं केळीचं पान होतं. साहेबांचा अंगठा पेनला चिकटला होता, तो त्यांना तेव्हाच कळला.

"आता काय करायचं?" सरपंचांनी ह्यांना विचारलं. "भिकूदादा, तुम्ही सांगा. पाकळ्या ओढून काढायच्या आणि पुन्हा कौल लावायचा का?"

"लावलेल्या कौलाला ओढायला हात लावायचा नाही," हे म्हणाले. "पाकळी आपली आपण पडली पाहिजे. चिकावर तेल सोडू. दोन्हीकडं सारखं, एकाच वेळी. आधी जी सुटेल तो आईचा शब्द. आहे कबूल?"

"कबूल!"

"होय महाराजा!" हे सवयीनं आलं.

मी खोबरेल तेलाची वाटी आणि दोन पळ्या आणल्या. समई हातात घेऊन गाभाऱ्यात, देवीच्या अगदी बाजूला उभी राहिले. लोक सगळे ह्यांच्या पाठीमागं. हे दोन हातांत दोन पळ्या घेऊन देवीसमोर उभे राहिले. नाना मोजू लागले, "एक... दोन..." ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. वीस दिवसांत मी त्यांच्या डोळ्यांत नीट पाहिलंच नव्हतं.

"तीन!"

तेल दोन्हीकडं ओघळलं. सारखंच. पण मी कडेला होते, म्हणून मला दिसलं. डावीकडच्या पळीआडून ह्यांचा अंगठा पुढं आला होता आणि पाकळीवर दाबून बसला होता. माशी सुटली, उडाली, माझ्या नाकावरून गेली. पण पाकळी जागच्या जागी. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

उजवी घसरली, तेलातून खाली आली, देवीच्या पायाशी पडली.

"उजवी!" एकच ओरडा झाला. ढोल वाजला. सरपंच नाचू लागले. मारुतीनाना मटकन खाली बसले, क्षणभर डोकं धरलं, मग म्हणाले, "आईनं सांगितलं. संपलं. पण होड्या वर घेऊन येणार नाय मी, त्या इथंच राहतील." साहेबांनी पेन अंगठ्यापासून सोडवून ठराव लिहिला. सव्वापाच वाजले होते. शेवटची ओळ तेलकट झाली, पण चालली म्हणे.

गाव वर आलं त्याला आता एकोणीस वर्षं झाली. पहिली चार वर्षं टँकरच्या पाण्यासाठी आम्ही एकमेकींच्या झिंज्या उपटल्या, मग नळ आले. त्यानंतर दोनदा खाडीनं जुन्या गावठाणावरून पाणी नेलं. आमच्या चुलीच्या जागेवर पुरुषभर पाणी होतं. सोमजाई मात्र खालीच आहे. तिला उचलायचा विषय निघाला तेव्हा हे म्हणाले, ती नाही यायची, मी जाईन. आजही पहाटे उठून पाऊण तासाची घाटी उतरतात आणि पूजा करून पुन्हा चढतात. गुडघे गेलेत. एक दिवस चुकवलेला नाही.

पण मला सांगायचं होतं ते त्या संध्याकाळचं. लोक पांगले. पडवीत चुलीपाशी हे येऊन बसले. मी तेलाची वाटी पुढं सरकवली. "हात पुसा. चीक वाळला की निघत नाही."

हे बोटं चोळू लागले. चोळता चोळता म्हणाले, "उजवीला मीच लावला होता. पाकळी लावतानाच. नखात घेऊन."

माझा हात त्याच वाटीत होता.

"आणि डावी तुझी," हे म्हणाले. "मला माशी अडकली तेव्हाच कळलं. गाभारा झाडायला गेली होतीस."

"मग अंगठा का ठेवलात?" मी विचारलं. "सहा पिढ्या, आईचे पाय, हे सगळं कुठं गेलं? बोटानं सोडली असतीत तर डावी पडली असती. मला कुठं काही बोलता येणार होतं?"

"त्या दिवशी तुझ्या हाका ऐकू येत होत्या," हे म्हणाले. "सगळा दिवस. मी आईला धरून उभा राहिलो, कारण तिला सोडलं असतं तर पाण्यात उतरावं लागलं असतं. मला पोहता येत नाही. मी घाबरलो होतो, प्रभा. तिला वाचवत नव्हतो. तिला धरून मी वाचत होतो."

वीस दिवस मी त्या माणसावर जळफळत होते, आणि त्याला काय वाटलं असेल हे एकदाही मनात आलं नाही. तोंडात जे आलं तेच बोलले, "माझ्यापर्यंत यायला वीस दिवस लावलेत होय?"

"वाटेत पाणी होतं," हे म्हणाले.

मला हसू फुटलं. मग रडू आलं. मग दोन्ही एकदमच. हात तेलानं माखलेले, डोळे पुसायचीही सोय नव्हती. हे त्यांच्या उपरण्याचं टोक शोधत होते, पण तेही त्यांच्या बोटांना चिकटलं होतं.